शटरचा जुना टीव्ही विकायचाय? आधी प्लग लावू नका

कराडच्या एका ताईंचा प्रश्न असा: वडिलांच्या पश्चात जुनं घर रिकामं करताना आजोबांनी घेतलेला लाकडी शटरचा, चार पायांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही निघाला. कित्येक वर्षं बंद आहे. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, आधी दुरुस्त करून घ्या, मग चांगले पैसे येतील. भंगारवाला वजनावर मागतोय. त्यातच एकाचा फोन आला की आत ‘लाल पारा’ निघाला तर कोटीत व्यवहार करू. खरं काय, दुरुस्त करावा का, आणि विकायचा तर कुणाला?

ताई, मी सांगलीत टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात वय घालवलंय. व्हॉल्व्हच्या सेटपासून एलईडीपर्यंत सगळं या टेबलावरून गेलंय. तुमच्या प्रश्नात तीन-चार प्रश्न आहेत, पण सगळ्यांच्या आधी एक काम: त्या टीव्हीची वायर प्लगमध्ये घालू नका. घरातलं कुणीतरी, बहुतेक भाचा नाहीतर जावई, ‘बघू तरी चालतोय का’ म्हणून बटण दाबतो आणि विकण्यासारखा सेट त्या मिनिटात भंगारात जातो.

कारण सांगतो. वीज आत शिरल्यावर पहिल्यांदा गाठ पडते ती फिल्टर कंडेन्सरशी. बोटाएवढे किंवा त्याहून जाड, ॲल्युमिनियमचे डबे असतात ते. वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिले की त्यांच्या आतला पातळ थर कमजोर होतो, द्रव सुकतो. अशा कंडेन्सरवर एकदम २३० व्होल्ट आले की तो भरमसाट करंट ओढतो, तापतो, फुगतो, कधी आवाज करून फुटतो. जाताना डायोड, रेझिस्टन्स, कधी मेन ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. त्यापुढे असतो ई.एच.टी., म्हणजे पिक्चर ट्यूबला पंधरा-अठरा हजार व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. तो दमट हवेत पडून असेल तर आतल्या आत ठिणग्या पडून जळतो. कंडेन्सर आजही दुकानात मिळतो. त्या काळातल्या सेटचा ई.एच.टी. नवा मिळत नाही. जळला की त्या सेटमधून पुन्हा चित्र निघणं जवळपास संपलं.

आम्ही असा सेट पहिल्यांदा सुरू करतो तो सिरीज बल्बवर. म्हणजे टीव्हीच्या वाटेत शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, सेट वाचतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. पण हे मेकॅनिकचं काम आहे. तुम्ही घरी करायचं नाही, आणि मागचं कव्हर तर मुळीच उघडायचं नाही. यातल्या बऱ्याच सेटमध्ये मेनची एक वायर थेट लोखंडी चासीला, म्हणजे आतल्या सांगाड्याला, जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेजवर, म्हणजे तिच्यात करंट. काही सेटमध्ये नॉब निघाला असेल तर उघड्या पडलेल्या दांड्याला हात लागूनही झटका बसू शकतो. सेट एकदा चालू होऊन बंद झाला की पिक्चर ट्यूबमध्ये भार साठून राहतो, तोही हात झटकून टाकण्याइतका मोठा असतो.

आता लाल पाऱ्याचं. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण आपल्या भागात माणसं यात खरोखर पैसे घालवतायत.

शटरच्या टीव्हीत, जुन्या रेडिओत, शिलाई मशीनमध्ये ‘रेड मर्क्युरी’ असतो आणि त्याला कोटींचा भाव आहे ही अफवा नवी नाही, आणि फक्त आपल्याकडचीही नाही. २००९ मध्ये सौदी अरेबियात सिंगरच्या जुन्या शिलाई मशीनमध्ये लाल पारा असल्याची आवई उठली आणि लोकांनी भंगारातली मशीनं अवाच्या सवा दराने विकत घेतली. निघालं काहीच नाही. आपल्याकडे ती टीव्ही आणि रेडिओला चिकटली. सोबत ‘टेस्ट’ही येतात: वस्तूजवळ लसूण नेला की तो दूर सरकतो, सोनं ओढलं जातं, आरशात प्रतिबिंब दिसत नाही. यातलं काहीही खरं नाही. असा पदार्थ कुठल्याच टीव्हीत कधी घातलेला नव्हता. टीव्ही कसा चालतो हे ज्याला माहीत आहे त्याला विचारा, अशा सेटमध्ये पाऱ्याला कामच नाही.

लोक ज्याला पारा समजतात ते काय आहे, तेही सांगतो. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची छोटी बाटली, आतली हवा काढलेली. तिच्या टोकाला किंवा बाजूला आतून चकचकीत चंदेरी डाग दिसतो, आरशाचा तुकडा चिकटवल्यासारखा. तो बेरियमचा पातळ थर असतो, त्याला गेटर म्हणतात. कारखान्यात व्हॉल्व्ह बंद केल्यावर उरलीसुरली हवा शोषून घ्यायला तो आत उडवतात. व्हॉल्व्हला तडा गेला, हवा शिरली, की हाच चंदेरी डाग दुधासारखा पांढरा होतो. आमच्यासाठी तो व्हॉल्व्हच्या प्रकृतीचा पुरावा असतो. फसवणाऱ्यासाठी तो ‘पाऱ्याचा फोटो’ असतो. त्या थराला बाजारात काडीची किंमत नाही.

फोन करणारा पुढे काय करेल तेही ठरलेलं आहे. आधी व्हिडिओ मागेल. मग म्हणेल, माल खरा वाटतो, मुंबईहून टेस्टिंगचा माणूस पाठवतो, त्याच्या किटचे किंवा गाडीभाड्याचे पैसे आधी भरा. नाहीतर म्हणेल, पार्टी परदेशातली आहे, परवानगीची फी लागेल. एक रुपयाही देऊ नका, पत्ताही देऊ नका, नंबर ब्लॉक करा. आणि घरातल्या कुणी त्या नादात काच फोडून व्हॉल्व्ह काढून बघितला नाही ना, एवढं तपासा. मला दाखवायला आलेल्या कितीतरी सेटमधले व्हॉल्व्ह याच कारणाने उपटलेले असतात. ते पाहून जीव तुटतो.

तुमच्याकडे नक्की काय आहे, ते आता ठरवू. मागच्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या कव्हरवर लेबल असेल, त्यावर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर. टेलेरॅड, वेस्टन, क्राउन, टेलिव्हिस्टा, नेल्को, डायनोरा, हैदराबादच्या सरकारी कारखान्याचा ईसी, असं काहीतरी निघेल. पिक्चर ट्यूबवर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव दिसलं तर नवल नाही, आपल्याकडच्या असंख्य ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये त्यांचीच ट्यूब होती.

वय काढायला घरातल्या आठवणी कामाला येतात. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. १९८४ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत छोटे ट्रान्समीटर भराभर लागले आणि मग कराड-सांगलीकडच्या साध्या घरांतही टीव्ही येऊ लागला. त्यामुळे तुमचा सेट ऐंशीच्या दशकातला असण्याची शक्यता मोठी. त्याआधीचा असेल तर त्याच्यासोबत लायसनचं पुस्तक असायला हवं. तेव्हा रेडिओसारखी टीव्हीलाही वार्षिक फी भरावी लागायची, ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बंद झाली. आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या पासबुकांमध्ये ते पुस्तक, दुकानाची पावती, गॅरंटी कार्ड काही सापडतंय का ते नीट बघा. माहीतगार घेणारा या कागदांसाठी आनंदाने जास्त देतो. सेटसोबतचा घरचा एखादा जुना फोटो असेल तर त्याची प्रतही जोडा.

आत व्हॉल्व्ह आहेत की नाहीत तेही कव्हर न काढता कळतं. मागच्या जाळीच्या भोकांतून टॉर्च मारा. काचेच्या बाटल्या दिसल्या तर व्हॉल्व्हचा किंवा मिश्र सेट. त्यांच्यावर पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८०५ असे नंबर असतात. ‘पी’ने सुरू होणाऱ्या या व्हॉल्व्हचे हीटर, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एकापाठोपाठ एक, माळेसारखे जोडलेले असतात, म्हणून एक गेला की सगळे विझतात. अशा सेटला ‘पूर्ण डेड’ म्हणून सोडून देणारे मेकॅनिक भेटतील, पण कधीकधी दोष एवढाच असतो. बाटल्या न दिसता नुसता पीसीबी, म्हणजे छोटे भाग बसवलेली सर्किटची पाटी, दिसला तर ट्रान्झिस्टरचा सेट. संग्राहकाला पहिला प्रकार जास्त आवडतो.

याच टॉर्चने वाळवीची माती, उंदराची घाण आणि तळाशी साचलेला गाळ आहे का तेही पाहून घ्या. गाळ असेल तर सेट कधीतरी पुराच्या पाण्यात होता. सांगलीच्या गावभागातून २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर असे सेट माझ्याकडे आलेत. वरून पुसून चकाचक केलेले, आत मात्र ट्रान्सफॉर्मरच्या कागदात पाणी मुरलेलं आणि ट्यूनरच्या, म्हणजे चॅनेल बदलायच्या भागाच्या, खटक्यांवर हिरवट गंज. कराडही कृष्णा-कोयनेच्या काठावरचं, तेव्हा ही शंका घ्यायलाच हवी. पुरात भिजलेला सेट विकता येतो, पण ते सांगूनच विकायचा.

दुरुस्त करावा का? विकायचाच असेल तर माझं स्पष्ट उत्तर: नाही.

तुमच्या मेकॅनिकचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण हिशोब जमत नाही. सगळे कंडेन्सर बदलणं, व्हॉल्व्ह शोधणं, ट्यूनर साफ करणं, यात दिवस जातात आणि ट्यूब वीक निघाली तर सगळं वाया. बरं, इतकं करून दाखवणार काय? या सेटला अँटेनाने पकडायचं ते जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण दूरदर्शनने जवळपास सगळीकडे बंद केलंय. चित्र हवं तर सेट टॉप बॉक्सच्या पिना आर.एफ. मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे चित्राचा अँटेनासारखा सिग्नल करणाऱ्या डबीत, घालायच्या, तिथून अँटेनाच्या सॉकेटला. तिथे पुन्हा जुना सॉकेट चपट्या वायरचा, तीनशे ओमचा, आणि मॉड्युलेटरची केबल पंचाहत्तर ओमची, म्हणून मध्ये ‘बलून’ नावाचा, दोन्हींचा मेळ घालणारा छोटा जोड लागतो. हे जमतं, मी करून देतो, आणि पन्नास वर्षांच्या काचेवर चित्र उमटलं की अजूनही मला तितकाच आनंद होतो. पण घेणारा त्याचे पैसे तुम्हाला परत देत नाही. एखादा म्हणेल मॉड्युलेटर कशाला, आत थेट पिना बसवून देतो. त्याला नाही म्हणा. चासी मेनवर असलेल्या सेटला बाहेर पिना काढणं म्हणजे करंट बाहेर काढणं.

दुसरी गोष्ट, ज्याला हा सेट मनापासून हवा असतो त्याला हात न लागलेला सेट हवा असतो. त्याचा मेकॅनिक ठरलेला असतो. अर्धवट दुरुस्तीत कापलेल्या वायरी, भलतेच व्हॉल्व्ह, चिकटपट्ट्या दिसल्या की तो भाव पाडतो. दुरुस्ती करायची ती एकाच कारणासाठी: सेट घरातच ठेवायचा असेल आणि आजोबांचा टीव्ही चालताना बघायचा असेल. ते कारण पैशाच्या हिशोबाबाहेरचं आहे, आणि ते असेल तर मी विकूच नका म्हणेन.

कॅबिनेटचंही तेच. विकायच्या उत्साहात लोक त्याला चकचकीत पॉलिश मारून आणतात, कुणी तर ऑइल पेंट. मूळ व्हीनिअरचे, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडाचे, रेघांचे नमुने त्याखाली बुजतात आणि किंमत अर्ध्यावर येते. तुम्ही एवढंच करा: कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, किंचित ओल्या आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. काचेला ओलं फडकं चालेल, पण कंपनीच्या अक्षरांवर घासू नका. स्पिरिट, थिनर, कॉलिन कॅबिनेटला लावायचं नाही. शटर अडकत असेल तर जोर लावू नका. शटर म्हणजे कापडावर चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या असतात. कापड कुजलेलं असलं की एका हिसक्यात सगळ्या पट्ट्या हातात येतात. खोबणीत मेणबत्तीचं मेण चोळलं तर बहुतेक वेळा सरकतं, तेल मात्र घालू नका, त्यावर धूळ धरते. वाळवी जिवंत असेल तर सेट आधी घरातल्या इतर लाकडापासून लांब न्या. पॉलिश करायचंच असेल तर फर्निचरवाल्याला न देता मिरजेत तंबोरे-सतारी करणाऱ्या कारागिरांपैकी कुणाला विचारा. पातळ लाकडावर हात कसा हलका ठेवायचा हे त्यांना कळतं.

निघालेले नॉब, शटरची किल्ली, पायांचे स्क्रू, कंपनीच्या नावाची पट्टी, जे घरात सापडेल ते एका पिशवीत घालून ठेवा. एक मूळ नॉब हरवला तर तसा पुन्हा मिळत नाही, आणि पाहणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

आता घेणारे. एक म्हणजे संग्राहक, थोडे असतात पण भाव तेच देतात. दुसरे, सिनेमा-मालिकांचे कलाविभागवाले. वाई, मेणवली, सातारा या पट्ट्यात शूटिंग कायम चालतं आणि ऐंशीच्या दशकातली खोली उभी करायला त्यांना असा सेट लागतो. ते बहुतेकदा भाड्याने मागतात, आणि भाड्याने देणं वाईट नाही, फक्त अनामत घ्या आणि नेण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. तिसरे, हायवेवरची हॉटेलं आणि पुण्याकडचे कॅफे, सजावटीसाठी. चौथे, जुन्या वस्तूंचे व्यापारी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात चक्कर मारली तर अंदाज येईल, पण तिथे दुकानात लावलेला भाव आणि तुमच्या हातात पडणारा भाव यात मोठी तफावत असते.

भावाबद्दल आशा ताब्यात ठेवा. पूर्ण, न फोडलेला, शटर सरकणारा पण बंद असलेला सेट काही हजारांत जातो. कागद असतील, मॉडेल दुर्मीळ असेल, कॅबिनेट कोरं असेल तर त्याहून वर. लाखाच्या जाहिराती दिसतात त्या लाल पाऱ्याच्या नादातल्या मागण्या आहेत, झालेले व्यवहार नाहीत. भंगारवाला आतल्या तांब्याचा भाव देतो, योक (ट्यूबच्या मानेवरची तारेची गुंडाळी) आणि ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे काही शेकड्यांत. त्याला देण्याआधी हेही लक्षात घ्या की तो ट्यूब फोडतो. त्या काचेत शिसं असतं, आतल्या पडद्यावर पावडर असते, आणि निर्वात ट्यूब फुटली की काचा वेगाने उडतात. अगदीच कुणी घेतलं नाही तर आयटीआय किंवा इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवण्यासाठी हवा आहे का विचारा, आणि तेही नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या ई-कचरा केंद्राला द्या.

घेणाऱ्याला ‘नेऊन काय करणार’ हे जरूर विचारा. काही जण आतलं सगळं उपटून माशांची टाकी करतात, काही एलईडी बसवतात. वस्तू त्यांची झाली की तो त्यांचा हक्क. पण दोन गिऱ्हाइकं सारखाच भाव देत असतील तर सेट तसाच ठेवणाऱ्याला द्या, एवढी माझी तुम्हाला विनंती आहे.

ऑनलाइन टाकलात तर फोटो दिवसाच्या उजेडात काढा: शटर उघडं, शटर बंद, मागचं लेबल, नॉब, आणि जिथे तुटलंय ते अगदी जवळून. ‘चालू स्थितीत’ लिहू नका. ‘बरीच वर्षं बंद, तपासलेला नाही, प्लग लावलेला नाही’ असं लिहा. माहीतगाराला हे वाक्य वाचून आनंद होतो. ‘मी मिलिटरीत आहे, न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही.

घरचा एक मुद्दा, नाजूक आहे पण सांगतो. सेट आजोबांचा, मग वडिलांचा, म्हणजे आता आईचा आणि तुम्हा सगळ्या भावंडांचा. जाहिरात टाकण्याआधी आईला विचारा, भावाला आणि बहिणींना फोटो पाठवून ‘विकतेय, कुणाला हवाय का’ एवढं विचारून घ्या. वस्तू गेल्यावर ‘मला द्यायचा होता’ म्हणणारं कुणीतरी निघतंच, आणि त्या टीव्हीच्या किमतीपेक्षा तो अबोला महाग पडतो.

सेट नेताना पाय आधी फिरवून काढायला सांगा, नाहीतर उचलताना तेच मोडतात. दोन माणसं लागतील. सगळा भार काचेकडे, म्हणजे पुढच्या बाजूला असतो, त्यामुळे मागून धरणाऱ्याला हलका वाटतो आणि पुढचा वाकतो. शटर बंद करून वरून सुती चादर आणि मग दोरी, प्लास्टिक थेट लाकडावर नको. छोट्या हत्तीत खाली गादी टाकून उभाच ठेवा. आडवा नको, आणि मागे बाहेर आलेल्या ट्यूबच्या मानेवर कशाचाही दाब नको, ती ट्यूबची सगळ्यात नाजूक जागा. पैसे मिळाल्यावर एका कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, ‘बंद स्थितीत, जसा आहे तसा’ असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि प्लगच्या पिनांना चिकटपट्टी गुंडाळून त्यावर पेनाने लिहा: ‘सिरीज बल्बशिवाय लावू नये.’